लिलावात घेतलेलं स्पेक्ट्रम (मोबाइलच्या लहरी) कंपनीचं झालं की लोकांचंच राहतं? आमच्याकडं एकच टावर आणि दुसऱ्या कुणाचं सिम चालत नाही

जांबोटी_रानवाट

नमस्कार मंडळी, खानापूर तालुक्यातनं लिहितोय, जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं जाताना आत जंगलात आमचं गाव हाय. गावाला रेंज देणारा टावर एकच आणि तो एकाच खासगी कंपनीचा, नाव घेत नाही. ज्यांच्याकडं त्या कंपनीचं सिम हाय त्यांचं बरं चाललंय. बाकीच्यांच्या फोनवर वर बघितलं की "फक्त इमर्जन्सी कॉल" एवढंच दिसतं. आमच्या आईचा नंबर दुसऱ्या कंपनीचा, बँकेला तोच जोडलेला, ओटीपी पाहिजे असला की तिला शाळेच्या मागच्या चढावर जाऊन एका ठराविक दगडाजवळ उभं राहावं लागतं, तिथनं लांबच्या दुसऱ्या टावरची एखादी कांडी मिळते, पावसाळ्यात धुकं आणि जळवा असताना तिथं कसं जायचं तुम्हीच सांगा.

पोर्ट करा असं कृपा करून सांगू नका. पोर्ट केलं की गावात चालतं पण खानापुरात आणि बेळगावात मी कामाला असतो तिथं त्याच कंपनीचं नेट रडतं. दोन दोन सिम ठेवून दोन दोन रिचार्ज मारायचे म्हणजे रोजगारावर जाणाऱ्या माणसाला परवडत नाही.

आता खरा प्रश्न. कुठंतरी वाचलं की अमेरिकेत २००८ साली स्पेक्ट्रमचा लिलाव झाला तेव्हा सरकारनं ओपन ॲक्सेसची अट घातली होती, म्हणजे घेणाऱ्यानं इतरांना वाट मोकळी ठेवायची. तर १) ती अट नेमकी काय होती, २) आपल्याकडं लिलावात अशी अट का नाही, ३) आता विकून झालंय तर काही करता येतं का? जाणकारांनी सविस्तर सांगा, आमच्या पंचायतीत हा विषय मांडायचाय आणि तिथं नुसतं "रेंज नाही वो" म्हणून तक्रार केली की ऐकून सोडून देतात.

---

टिळकवाडी_आरएफ

दादा, मी टेलिकॉममध्ये आरएफला, म्हणजे रेडिओ लहरींच्या विभागात, काम केलंय, जमेल तेवढं सांगतो, लांबेल जरा.

तुमच्या फोनवर जे "फक्त इमर्जन्सी कॉल" येतंय ना, त्यातच सगळं हाय बघा. त्याचा अर्थ फोनला तो टावर ऐकू येतोय, टावरलाही फोन ऐकू जाईल, लहरी पोचतायत. अडलंय कुठं, तर तुमचं सिम बघून ते नेटवर्क म्हणतंय की हा माझा ग्राहक नव्हे. ११२ लावला तर तोच टावर कॉल घेतो, कुठल्याही कंपनीचं सिम असू दे. म्हणजे तुमच्या गावात मशिनरीची अडचण नाहीच, परवानगीची हाय. हे पंचायतीत फोन हातात धरून दाखवा, लगेच समजेल सगळ्यांना.

आता अमेरिका. टीव्ही डिजिटल होणार म्हणून ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा होणार होता. ह्या लहरी लांब जातात, भिंतीतनं झाडीतनं बऱ्या शिरतात, त्यामुळं सगळ्यांचा डोळा तिकडं. २००७ च्या जुलैमध्ये गुगलनं त्यांच्या एफसीसीला, म्हणजे आपल्या ट्राय (दूरसंचार नियामक) आणि डीओटीचं (केंद्राचं दूरसंचार खातं) काम तिथं जी संस्था बघते तिला, कळवलं की चार अटी घालणार असाल तर आम्ही कमीत कमी ४.६ अब्ज डॉलरची बोली लावतो. अटी अशा: कुठलंही ॲप चालू द्या, कुठलाही फोन जोडू द्या, नेटवर्क घाऊक दरानं दुसऱ्यांना विकायला द्या म्हणजे ते आपल्या नावानं सेवा चालवतील, आणि इंटरनेट देणाऱ्या बाकीच्यांना नेटवर्कला योग्य ठिकाणी जोडून घ्या.

एफसीसीनं ३१ जुलै २००७ ला ह्यातल्या पहिल्या दोनच घेतल्या, त्यापण सगळ्या लिलावाला नाही, फक्त सी ब्लॉक नावाच्या २२ मेगाहर्ट्झच्या तुकड्याला. घाऊक विक्री आणि जोडणी, दोन्ही नाकारल्या. वर असं ठेवलं की ४.६ अब्जाची राखीव, म्हणजे कमीत कमी, किंमत आली नाही तर हीच अट काढून परत लिलाव करू. व्हेरायझन आधी ह्या अटीविरुद्ध कोर्टात गेली, मग केस मागं घेतली, आणि मार्च २००८ ला लिलाव संपला तेव्हा सी ब्लॉकचा मोठा हिस्सा ४.७४ अब्ज डॉलरला तिनंच घेतला. गुगल राखीव किंमत गाठेपर्यंत बोलीत होती, पुढं हरली. पण अट तर लागू झाली, आणि तिला तेच पाहिजे होतं.

नुसती कागदावर राहिली असंही नाही. ग्राहक फोनवरनं लॅपटॉपला नेट देतात ती टेदरिंगची ॲप्स अडवल्याबद्दल चौकशी झाली आणि २०१२ ला व्हेरायझननं १२.५ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. एवढ्या मोठ्या कंपनीला ती रक्कम काहीच नाही म्हणा, पण परवान्यात लिहिलेलं होतं म्हणूनच विचारता आलं.

आता महत्त्वाचं. अमेरिकेतल्या ज्या दोन अटी मान्य झाल्या त्या तुमच्या गावाच्या कामाच्या नाहीत. आपल्याकडं फोन बाजारातनं घ्यायचा, सिम कुठलंही घालायचं, ही सवय पहिल्यापासनंच हाय. जिओफोन किंवा सीडीएमए ह्या जुन्या तंत्राचे हँडसेट सोडले तर फोन लॉक असणं आपल्याला माहीत नाही. ॲप्सचं म्हणाल तर ट्रायनं फेब्रुवारी २०१६ ला वेगवेगळ्या साइटला वेगळा दर लावायला बंदी केली आणि २०१८ ला नेट न्यूट्रॅलिटीची, म्हणजे सगळ्या साइट आणि ॲपना सारखं वागवायची, तत्त्वं सरकारनं मान्य केली. तुम्हाला पाहिजे ती तिसरी, "माझ्या टावरवर दुसऱ्याचा ग्राहक घ्या" ह्या जातीची अट, आणि तीच तिकडं नाकारली गेली.

---

निपाणी_केबलनेट

आरएफ साहेबांनी छान सांगितलं पण दुसरी बाजू पण यायला पाहिजे. मी स्वतः केबल आणि ब्रॉडबँडच्या धंद्यात हाय, खांब टाकणं, वायर ओढणं काय असतं ते मला माहीत हाय. ज्यानं जंगलात टावर उभा केला, डिझेल पोचवलं, बॅटऱ्या चोरीला गेल्या त्या बदलल्या, त्याला उद्या सांगायचं की बाकीच्या दोघांचे ग्राहक पण फुकट घे, तर तिसरा टावर कोण उभारेल? सगळे वाट बघत बसतील की पहिला कोण खर्च करतोय.

शिवाय अट घातली की किंमत पडते. त्याच अमेरिकन लिलावात सी ब्लॉक दर माणशी दर मेगाहर्ट्झ सरासरी ७६ सेंटला गेला आणि बिनअटीचा बी ब्लॉक २ डॉलर ६८ सेंटला. डी ब्लॉकला तर पोलिस आणि अग्निशमनवाल्यांसोबत नेटवर्क बांधायची अट होती, १.३ अब्जाची राखीव किंमत आणि बोली आली ४७ कोटीच्या आसपास, विकलाच नाही. सरकारचा पैसा म्हणजे आपलाच पैसा की वो.

---

जांबोटी_रानवाट

निपाणीकर अण्णा, तुमचं म्हणणं पटतंय, फुकट कुणीच म्हणत नाही. माझ्या आईच्या कंपनीनं त्या टावरवाल्या कंपनीला मिनिटाचे आणि जीबीचे पैसे द्यावेत की. आमच्या इथं जत्रेतल्या दुकानांच्या जागांचा लिलाव पंचायत करते तेव्हा पैसे घेतेच, पण देवळाकडं जायची वाट अडवायची नाही हे बोली सुरू व्हायच्या आधी सांगते, आणि तरी जागा विकल्या जातात. बोली लावणारा ती वाट हिशोबात धरूनच आकडा बोलतो.

आणि सरकारचा पैसा म्हणाल तर एक विचारतो, लहरी लोकांच्या आहेत असं कोर्टानं म्हटलंय ना कुठंतरी? ते नक्की कधी?

---

टिळकवाडी_आरएफ

१९९५. क्रिकेटच्या प्रक्षेपणावरनं बंगालच्या क्रिकेट असोसिएशनचा खटला होता, सुप्रीम कोर्टानं ९ फेब्रुवारीला निकाल दिला की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता हाय आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे. २ फेब्रुवारी २०१२ ला टू-जी चे १२२ परवाने रद्द झाले तेव्हापण सूर हाच होता. लिलावात कंपनीला मिळतो तो वापराचा हक्क, आपल्याकडं साधारण २० वर्षांचा, मालकी नाही. कंपनीचं की लोकांचं, हे तुम्ही वर शीर्षकात विचारलंत त्याचं उत्तर हे.

निपाणीकर, तुमच्या आकड्यांना माझा नकार नाही पण अर्थ मी वेगळा लावतो. बी ब्लॉक छोट्या छोट्या ७०० च्या वर भागांत तोडलेला होता, तिथं बरेच जण भांडले. सी ब्लॉक १२ मोठ्या भागांत, एवढी मोठी बोली लावणारे मोजकेच. सगळा फरक अटीनं पडला असं म्हणता येत नाही. डी ब्लॉकचं मात्र बरोबर, अट नीट लिहिली नाही, घेणाऱ्याला खर्च किती येईल ते कळेना, म्हणून पडला.

आणि आपल्याकडचं बघा. तोच ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१६ ला देशभरासाठी दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी राखीव किंमत ठेवून काढलं, एकानं बोली लावली नाही. २०२१ ला किंमत खाली आणली, तरी कुणी नाही. २०२२ ला ३,९२७ कोटीवर आणलं तेव्हा जिओनं १० मेगाहर्ट्झ घेतलं, ३९,२७० कोटी. जंगलात सगळ्यात लांब जाणाऱ्या लहरी सहा वर्षं नुसत्या पडून, आणि त्यावर ओपन ॲक्सेसची कुठली अट नव्हती. चढ्या किंमतीमुळं पडून राहिल्या. सरकार एवढी किंमत खाली आणायला तयार हाय तर त्या कपातीच्या बदल्यात "दुर्गम गावातल्या टावरवर रास्त दरानं रोमिंग द्यायचं" एवढं मागून घ्यायला काय हरकत होती, हे मला आजपर्यंत समजलं नाही. ह्यावर मला मनापासनं राग हाय.

---

चंदगड_तुर्केवाडी

आम्ही बॉर्डरच्या पलीकडं, महाराष्ट्रात, पण दुखणं तेच. आमच्या लोकांचं बेळगावला बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं. शिनोळी ओलांडलं की मेसेज येतो कर्नाटकात स्वागत, परत येताना महाराष्ट्रात स्वागत, फोन दोन मिनिटं मध्येच हरवतो, चालू कॉल कट. एक विचारतो, एकाच कंपनीचं सिम दोन्हीकडं चालतं, रोमिंगला वेगळे पैसे पण आता लागत नाहीत, मग दोन कंपन्यांत रोमिंग करायला अवघड काय?

---

टिळकवाडी_आरएफ

तांत्रिक अवघड काहीच नाही चंदगडकर. देश २२ सर्कलमध्ये विभागलाय, कर्नाटक एक, महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक, मुंबई वेगळी. लिलाव सर्कलवार होतो, म्हणून एकाच कंपनीकडं शिनोळीच्या अलीकडं लहरींचा एक पट्टा (बँड) आणि पलीकडं दुसरा असं असू शकतं. तुमचा कॉल तुटतो तो नेटवर्क बदलताना. कणकुंबीकडनं चोर्ला घाट उतरतानापण तेच, गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच येतो.

एकाच सर्कलमध्ये दुसऱ्या कंपनीच्या टावरवर चालणं, त्याला इंट्रा सर्कल रोमिंग म्हणतात, आयसीआर. आणि गंमत म्हणजे हे कंपन्यांनीच भांडून मिळवलंय. २०१० च्या लिलावात थ्री-जी चं स्पेक्ट्रम कुणालाच सगळ्या देशात मिळालं नाही, मग एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांनी आपसात करार केले की जिथं माझं नाही तिथं तुझ्यावर माझा ग्राहक चालेल. डीओटीनं बंद करा म्हटलं, ते टीडीसॅटमध्ये, म्हणजे टेलिकॉमचे तंटे सोडवणाऱ्या न्यायाधिकरणात, गेले आणि २०१४ ला जिंकले. तेव्हा स्वतःला पाहिजे होतं म्हणून रोमिंग चाललं. वादळाच्या वेळीपण डीओटी काही दिवसांपुरतं हे सगळ्यांना चालू करायला लावते. त्यामुळं जमत नाही असं कुणी इंजिनियर सांगायला लागला तर ऐकून घेऊ नका.

---

निपाणी_केबलनेट

मान्य, पण मर्जीनं करणं आणि बळजबरी ह्यात फरक हाय. मेक्सिकोचं उदाहरण बघा ना, तिथं ७०० च्या पट्ट्यातलं ९० मेगाहर्ट्झ एकाच घाऊक नेटवर्कला दिलं, लोकसंख्येच्या ९२.२ टक्क्यांपर्यंत पोचायची अट, स्वतः ग्राहकाला विकायचं नाही, सगळ्यांना भाड्यानं द्यायचं. २०१८ ला सुरू झालं, २०२१ ला दिवाळखोरीच्या कोर्टात, शेवटी सरकारलाच ताबा घ्यावा लागला. एवढं ओपन केलं की धंदाच उरत नाही.

---

टिळकवाडी_आरएफ

बरोबर हाय उदाहरण, आणि मी सगळा देश एका घाऊक नेटवर्कवर न्या असं म्हणतच नाही. बेळगाव शहरात, निपाणीत, चिकोडीत, जिथं तिघा चौघांचे टावर एकमेकांना बघत उभे आहेत तिथं ह्या अटीची गरजच नाही, तिथं स्पर्धा आपोआप हाय. पण जिथं दुसरा टावर कधीच येणार नाही, आला तर दोघंही तोट्यात जातील, तिथंच ही अट पाहिजे. मेक्सिकोनं सगळीकडं एकच केलं. आपण जांबोटी, भीमगड, तळेवाडी, गवाळी ह्या पट्ट्यापुरतं बोलतोय. अभयारण्यात तर नवीन टावरला वनखात्याची परवानगी काढता काढता जीव जातो, मग जो एक उभा हाय त्यावर सगळ्यांना घेतलं तर झाडंपण वाचतील.

दुसरं, आपल्याकडं असं छोट्या प्रमाणात सुरूपण झालंय. जानेवारी २०२५ ला दूरसंचार मंत्र्यांनी, डिजिटल भारत निधीच्या पैशातनं उभारलेल्या फोर-जी टावरवर बीएसएनएल, एअरटेल, जिओ तिघांचे ग्राहक चालतील अशी आयसीआर सुरू केली. सुमारे २७ हजार टावर, ३५ हजारांवर गावं. हा तोच निधी, पूर्वी यूएसओ फंड म्हणायचे, कंपन्यांच्या उत्पन्नातनं काही टक्के कापून भरतो. लोकांचा पैसा लागला म्हणून टावर सगळ्यांना उघडा, हा तर्क सरकारनं स्वीकारला. माझं म्हणणं एवढंच की स्पेक्ट्रम पण लोकांचंच हाय, तर तोच तर्क तिथं का थांबतो.

---

खानापूर_बाई

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, ह्याच पट्ट्यात. वाचून फार बरं वाटलं, कारण आमच्याकडं सगळे म्हणतात टावर पाहिजे टावर पाहिजे, आणि टावर तर समोर दिसतोय. माझी हजेरी, मध्यान्ह आहाराची माहिती, सगळं ऑनलाइन भरायचं असतं आणि मी ते संध्याकाळी एस्टी थांब्यावर जाऊन भरते, किंवा ज्या पालकांकडं "ते" सिम आहे त्यांचा हॉटस्पॉट मागते. त्यांचा डेटा संपला की मलाच लाज वाटते.

सर, मला कायद्यातलं फार समजत नाही. अर्जात काय लिहायचं तेवढं सांगा.

---

टिळकवाडी_आरएफ

बाई, तुम्ही लाजायचं कारण नाही, लाज वाटायला पाहिजे ती दुसऱ्यांना.

पहिल्यांदा सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर गाव शोधा, जवळ कुठला टावर, कुणाचा, कुठली टेक्नॉलॉजी ते दिसतं. शिवाय ट्रायच्या नवीन नियमांनी कंपन्यांना आपापल्या साइटवर कव्हरेजचा नकाशा टाकावा लागतो. त्या नकाशात तुमचं गाव हिरवं दाखवलं असेल आणि फोनवर "फक्त इमर्जन्सी कॉल" असेल तर दोन्हीचा फोटो शेजारी शेजारी लावा, तारीख दिसू दे. ह्याच्याइतका पुरावा दुसरा नाही.

मग टावर निधीतला असेल तर अर्ज सरळ: आयसीआर चालू करा. फोर-जी सॅच्युरेशनमध्ये, २०२२ ला जी २६,३१६ कोटींची योजना मंजूर झाली, बिनकव्हरेजच्या गावांत टावर उभारायचं काम बीएसएनएलकडं हाय, तर तुमच्या शेजारच्या वाड्या त्यात घ्या म्हणून मागा. टावर खासगी पैशातला असेल, रानवाट दादांचा दिसतोय तसा, तर त्यांना आज कायद्यानं बळजबरी करता येत नाही, करार मर्जीचा. तिथं दोन गोष्टी मागायच्या. एक, दुसऱ्या कंपन्यांनी ह्या टावरवर आयसीआर घ्यावं म्हणून डीओटीच्या कर्नाटक एलएसए (सर्कलच्या) ऑफिसला आणि खासदारांना पत्र. दोन, २०२३ च्या टेलिकॉम कायद्यात तरतूद हाय की दिलेलं स्पेक्ट्रम योग्य कारण नसताना वापरलं नाही तर सरकार ते परत घेऊ शकतं. ज्या कंपन्यांनी कर्नाटक सर्कलचं स्पेक्ट्रम घेतलंय आणि आपल्या पट्ट्यात एक टावर नाही, त्यांना विचारा की इथं ते वापरणार कधी, आणि वापरणार नसाल तर दुसऱ्याच्या टावरवर आपल्या ग्राहकाची सोय का करत नाही. परवान्याच्या रोलआउटच्या, म्हणजे नेटवर्क किती पसरवायचं ह्याच्या, अटी टक्केवारीत असतात, जंगलातलं गाव त्या टक्केवारीत सुटतं, हे पत्रात स्पष्ट लिहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवीन लिलाव निघायच्या आधी ट्राय सल्लामसलतीचा पेपर काढतं आणि कुणाकडनंही लेखी मत घेतं, ग्रामपंचायतीकडनंसुद्धा. तिथं मोठ्या कंपन्यांची पानंच्या पानं जातात, खेड्यातलं एक पान जात नाही. अट लिहायची वेळ तीच असते, एकदा हातोडा पडला की पुढची वीस वर्षं विनंती करत बसायचं.

---

निपाणी_केबलनेट

घाऊक दर ट्रायनं ठरवून दिला आणि टावरवाल्याचा खर्च निघत असेल तर जंगलपट्ट्यापुरतं मला चालेल. हे पण लिहा पत्रात, "रास्त दर" एवढंच लिहिलं तर त्यावर पाच वर्षं भांडतील. खर्च अधिक ठराविक टक्के असं काहीतरी मागा.

आणि बाई, टावरचं होईपर्यंत पीएम-वाणीचं, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक वायफाय योजनेचं, बघा. २०२० ला मंत्रिमंडळानं मंजूर केलंय, दुकानदाराला लायसन लागत नाही, जवळपास फायबर आलेलं असेल तर शाळेशेजारच्या दुकानात वायफाय बसवता येतं, मग सिम कुठलंही असू दे. जांबोटीपर्यंत फायबरचं काय करता येतं ते मी माझ्या ओळखीच्या ठेकेदाराला विचारतो.

---

जांबोटी_रानवाट

सगळ्यांचे आभार. निपाणीकर अण्णा, ठेकेदाराचं खरंच बघा, शाळेपर्यंत खांब आहेत लाइटचे. पत्राचा मसुदा मी मराठीत लिहून इथं टाकतो, कन्नडमध्ये करून देणारं कुणी असेल तर सांगा, एलएसए ऑफिसला आणि तालुका पंचायतीला कन्नडमध्ये दिलं की लवकर हलतं. फोटो आईच्या फोनवरनं काढतो.

---

चंदगड_तुर्केवाडी

कन्नड मी करून देतो, मसुदा टाका. शिनोळीच्या बाजूची गावंपण त्यात जोडा, आमच्याकडनं महाराष्ट्र सर्कलला तेच पत्र जाईल.